फ्लॅगचे वजन : दडवल्या गेलेल्या एका धाग्याचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण हौशी आकाशछायाचित्रकारांच्या एका फोरमवर घडले. फोरम आणि सदस्य ओळखू येऊ नयेत म्हणून आजूबाजूचे तपशील बदलले आहेत. सॉफ्टवेअरच्या सेटिंग्ज आणि त्यांचे गणित मात्र जसेच्या तसे ठेवले आहे, कारण प्रकरणाचा गाभा तिथेच आहे.

फोरम बरीच वर्षे पीएचपीबीबीवर चालला आणि मग डिस्कोर्सवर हलवला गेला. (दोन्ही फोरम चालवायची सॉफ्टवेअर.) कारभार एक अ‍ॅडमिन आणि तीन मॉडरेटर पाहत. चौघेही आपापली कामे सांभाळून, विनामोबदला. स्थलांतराच्या वेळी जुने धागे, जोडलेली चित्रे, व्यनि (व्यक्तिगत निरोप), आयडी असे सगळे नीट आले. मॉडरेटरांच्या हाताच्या सवयीही त्यांच्याबरोबर आल्या, आणि त्यांचा विचार कोणी केला नव्हता.

पीएचपीबीबीत एखाद्या प्रतिसादाची तक्रार झाली की ती मॉडरेटरच्या पॅनेलमध्ये जाऊन बसते. प्रतिसाद जागेवरच राहतो आणि सगळ्यांना दिसतो. मॉडरेटर येतो, वाचतो, हवे तर प्रतिसाद उडवतो आणि तक्रार ‘बंद’ करतो. तक्रार बरोबर होती की चूक, याची नोंद करायला तिथे जागा नाही. बंद म्हणजे बंद.

डिस्कोर्सची कल्पना मुळात वेगळी आहे. जेफ अ‍ॅटवूड, रॉबिन वॉर्ड आणि सॅम सॅफ्रन यांनी २०१३ मध्ये ते लोकांपुढे आणले, तेव्हापासून मॉडरेटरच्या कामाचा काही भाग सदस्यांवर सोपवणे हा त्याचा पाया राहिला आहे. सदस्याला ० ते ४ अशा विश्वास पातळ्या असतात. नवा आयडी पातळी ० वर येतो. ५ धागे उघडून, ३० प्रतिसाद वाचून आणि एकूण १० मिनिटे वाचनात घालवली की तो पातळी १ वर जातो. पातळी २ साठी निदान १५ वेगवेगळ्या दिवशी यावे लागते, शिवाय वाचन आणि प्रतिसादांच्या काही अटी आहेत. पातळी ३ सर्वांत कठीण. मागच्या १०० दिवसांपैकी निम्मे दिवस हजेरी हवी, १० वेगळ्या धाग्यांत प्रतिसाद हवेत, ३० लाइक दिलेले आणि २० मिळालेले हवेत. ही पातळी टिकवावीही लागते. पातळी ४ आपोआप मिळत नाही, ती हाताने द्यावी लागते.

फ्लॅगला या व्यवस्थेत नुसत्या तक्रारीपेक्षा जास्त अर्थ आहे. पुरेसे वजन जमले की फ्लॅग प्रतिसाद दडवतो, आणि तेही मॉडरेटर जागा व्हायच्या आधी.

स्थलांतरानंतर स्पॅमची लाट आली. त्यातला एक प्रकार चिवट होता. नवा आयडी एखाद्या जुन्या धाग्यातला परिच्छेद उचलून निरुपद्रवी प्रतिसाद म्हणून टाकायचा, काही दिवस गप्प बसायचा आणि मग तोच प्रतिसाद संपादित करून त्यात दुकानाची लिंक घुसवायचा. मूळ सेटिंगनुसार पातळी ० आणि १ ला संपादनासाठी १४४० मिनिटे, म्हणजे एकच दिवस मिळतो, त्यामुळे ही युक्ती बोथट होते. पण इथे जुन्या सदस्यांच्या आग्रहावरून ती मुदत वाढवून ठेवली होती. अखेर मुदत मूळ आकड्यावर आणली आणि पातळी ३ च्या दहाबारा जुन्या सदस्यांना विनंती केली की स्पॅम दिसला की लगेच फ्लॅग करा. त्यांनी ते मनापासून केले. रात्री दोनला आलेला स्पॅम सव्वादोनला दिसेनासा होऊ लागला आणि त्यांचे जवळजवळ सगळे फ्लॅग बरोबर निघाले.

नेमके काय झाले

पूर्ण झालेली चित्रे मांडायचा एक विभाग आहे. तिथे पातळी १ वरच्या एका नव्या सदस्याने एका दीर्घिकेचे चित्र टाकले. १८० सेकंदांचे ४० फ्रेम, म्हणजे एकूण दोन तासांचे एक्स्पोजर. नॉइज काढायला आणि कडा धारदार करायला न्यूरल नेटवर्कवर चालणारे साधन वापरल्याचे त्याने स्वतःच लिहिले होते. जुन्या सदस्यांचा आक्षेप असा होता की दोन तासांच्या डेटात जे तपशील येऊच शकत नाहीत ते चित्रात दिसताहेत, म्हणजे ते साधनाने कल्पून भरले आहेत. मुद्दा गंभीर आहे आणि दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे बरेच आहे. पहिले दोन दिवस धागा चांगला चालला.

तिसऱ्या संध्याकाळी चित्रकाराच्या बाजूने लिहिलेले प्रतिसाद एकेक करून दिसेनासे होऊ लागले. त्यातला एक, खुद्द चित्रकाराचा, इथे जवळून पाहू. प्रतिसादात फ्रेमची संख्या होती, डार्क आणि फ्लॅट फ्रेम (कॅमेऱ्याचे दोष काढायला घेतात त्या) किती घेतल्या ते होते, प्रक्रियेचा क्रम होता आणि शेवटी एक तिखट वाक्य होते: ‘डिकन्व्होल्यूशन चालते, मग हे का चालत नाही, ते आकड्यांनी सांगा.’ (डिकन्व्होल्यूशन म्हणजे चित्रातला धूसरपणा गणिताने कमी करण्याची रूढ पद्धत.) यावर ‘अवांतर’ म्हणून दोन आणि ‘अयोग्य’ म्हणून एक फ्लॅग आला आणि प्रतिसाद दडला. लेखकाला यंत्राचा निरोप गेला की समुदायाने हा प्रतिसाद फ्लॅग केला आहे, बदल करून पाहा. मूळ सेटिंगप्रमाणे दहा मिनिटे थांबून प्रतिसाद संपादित केला की तो पुन्हा दिसू लागतो. त्याने तिखट वाक्य काढून टाकले आणि प्रतिसाद परत आला. थोड्या वेळात त्यावर पुन्हा फ्लॅग पडले. दुसऱ्यांदा दडलेला प्रतिसाद लेखकाच्या हातात राहत नाही, तो मॉडरेटरची वाट पाहतो.

रात्री उशिरा धागाच बंद झाला. मूळ सेटिंगमध्ये एका धाग्यावर निदान पाच वेगळ्या सदस्यांचे फ्लॅग आले आणि त्यांचे एकत्रित वजन पुरेसे भरले की धागा चार तासांसाठी वाचनमात्र होतो. वर पाटी येते, ती समुदायाच्या फ्लॅगमुळे असे झाल्याचे सांगते. नव्या सदस्यांनी ती पाटी ‘व्यवस्थापनाने धागा दाबला’ अशी वाचली. त्यांना दोष देता येत नाही. व्यवस्थापनातले कोणी जागेच नव्हते हे त्यांना कसे कळणार?

सकाळी एका मॉडरेटरने रिव्ह्यू रांग उघडली. प्रत्येक फ्लॅगसमोर तीन वाटा होत्या : सहमत, असहमत, दुर्लक्ष. (बटणांवरचे शब्द आवृत्तीनुसार बदलतात, वाटा याच.) त्याने विचार केला की हा मतभेदाचा वाद आहे, फोरमने कुणा एकाची बाजू घेऊ नये. म्हणून सगळ्या फ्लॅगवर ‘दुर्लक्ष’ दाबले. पीएचपीबीबीतली ‘तक्रार बंद’ त्याच्या बोटांत मुरलेली होती आणि ‘दुर्लक्ष’ त्याला तिचेच नवे नाव वाटले.

प्रतिसाद दडलेलेच राहिले. ‘असहमत’ दाबल्यावर दडलेला प्रतिसाद परत दिसू लागतो. ‘दुर्लक्ष’ फक्त फ्लॅग रांगेतून काढते, प्रतिसादाला हात लावत नाही. मॉडरेटरला ही तटस्थता वाटत होती. धाग्यात मात्र एकच बाजू दिसत होती.

पहिला अंदाज आणि तो का चुकला

दोन दिवसांनी एका सदस्याने साइटविषयीच्या विभागात लिहिले की ठरवून तोंड दाबले जात आहे, ही उघड कंपूबाजी आहे. अ‍ॅडमिनलाही आधी तेच वाटले. त्याने फ्लॅगच्या वेळा तपासल्या. त्याच पाचसहा जणांचे फ्लॅग, एकमेकांपासून काही मिनिटांच्या अंतरावर. डु आयडीची, म्हणजे एकाच माणसाच्या अनेक खात्यांची, शंका म्हणून आयपी पत्ते पाहिले, सगळे वेगळे निघाले. सगळे आयडी जुने आणि परिचित होते.

मग फ्लॅग इतके जवळजवळ का? उत्तर साधे निघाले. या सगळ्यांनी त्या विभागाची सूचना ‘वॉचिंग’वर ठेवली होती. नवा प्रतिसाद आला की सगळ्यांना एकाच वेळी कळायचे आणि संध्याकाळी सगळेच ऑनलाइन असायचे. ठरवून काही झाल्याची खूण सापडली नाही. प्रत्येकाने आपापल्या जागी प्रामाणिकपणे ठरवले होते की चित्रांच्या विभागात साधनांवरची हुज्जत अवांतर आहे.

म्हणजे हेतूत खोट नव्हती. तरी दोनतीन फ्लॅगमध्ये प्रतिसाद दडत होता, आणि समोरच्या बाजूच्या नव्या सदस्यांनी केलेल्या फ्लॅगनी काहीच होत नव्हते. हा फरक फ्लॅगच्या वजनात होता.

वजन कसे ठरते

डिस्कोर्सचा कोड खुला आहे, त्यामुळे गणित वाचता येते. सदस्याच्या फ्लॅगचे वजन म्हणजे १, अधिक त्याची विश्वास पातळी, अधिक अचूकतेचा बोनस. (फ्लॅगच्या प्रकारानुसार थोडी भर पडू शकते, ती बाजूला ठेवू.) पातळी १ वरच्या नव्या सदस्याचे वजन २ होते, पातळी ३ च्या सदस्याचे ४. एवढाच फरक असता तर हे प्रकरण घडले नसते.

खरा जोर बोनसमध्ये आहे. मॉडरेटरने ज्या फ्लॅगवर ‘सहमत’ किंवा ‘असहमत’ दाबले तेवढेच त्यात मोजले जातात. अशा निर्णयांची संख्या पाच किंवा कमी असेल तर बोनस शून्य. पुढे ७० टक्के ही मध्यरेषा आहे. अचूकता तिच्यावर असेल तर बोनस धन, खाली असेल तर ऋण. आणि निर्णयांची एकूण संख्या वाढेल तसा बोनस लॉगरिदमच्या प्रमाणात वाढतो.

एक उदाहरण घेऊ. पातळी ३ च्या एका सदस्याने स्पॅमवर ६४ फ्लॅग केले आणि सगळ्यांवर ‘सहमत’ झाले. त्याचा बोनस १५ भरतो आणि फ्लॅगचे वजन १९. समोरच्या नव्या सदस्याचे २. असे दोन जुने सदस्य एकत्र आले तर ३८ होतात, तेवढ्यासाठी नव्या सदस्यांचे १९ फ्लॅग लागतील. दडवायचा उंबरठा हा ठरलेला आकडा नसतो. फोरमच्या आधीच्या फ्लॅगचा इतिहास आणि अ‍ॅडमिनने निवडलेली संवेदनशीलता यांवरून तो ठरतो, पण तो कुठेही असला तरी १९ वजनाच्या सदस्याला जवळच पडतो.

गणितात ‘स्पॅम ओळखण्यातली अचूकता’ आणि ‘अवांतर ओळखण्यातली अचूकता’ असे वेगळे खाते नाही. रात्री जागून बनावट दुकानांच्या लिंका पकडल्याचे श्रेय संध्याकाळच्या वादातल्या फ्लॅगलाही लागू झाले. स्पॅम ओळखायला नजर तयार लागते, पण ते काम जवळपास काळेपांढरे आहे. वादात काय अवांतर आणि काय अयोग्य, हे ओळखणे फार वेगळे कौशल्य आहे, आणि तिथे माणसाचे स्वतःचे मतही मध्ये येतेच.

आता ‘दुर्लक्ष’चा दुसरा परिणाम दिसतो. ते फ्लॅग हिशेबातच धरले जात नाहीत. त्याच सदस्याचे १६ फ्लॅग चुकीचे ठरले असते तर ८० पैकी ६४ बरोबर, म्हणजे ८० टक्के अचूकता झाली असती. बोनस १५ वरून साधारण ५.३ वर आणि वजन १९ वरून सव्वानऊच्या आसपास आले असते. चुकीचे ३२ झाले असते तर अचूकता ७० च्या खाली जाऊन बोनस किंचित ऋण आणि वजन ३.२ च्या घरात गेले असते. यंत्रात सुधारणेची सोय होती. पण तिला चालना देणारे बटण एकच, ‘असहमत’, आणि नेमके तेच कोणी दाबत नव्हते.

फ्लॅग करणाऱ्याचाही हिशेब ठेवावा ही कल्पना जुनी आहे. स्लॅशडॉट या तंत्रज्ञानाच्या बातम्यांच्या साइटवर प्रतिसादांना -१ ते ५ गुण देणाऱ्या सदस्यांच्या निर्णयांवर इतर सदस्यांनी मत द्यायची पद्धत १९९९ पासून होती. डिस्कोर्समध्ये हे काम मॉडरेटरच्या निकालाकडून आपोआप होते, म्हणून ते डोळ्यांपुढे येत नाही. आणि म्हणूनच ते थांबलेले कोणाच्या ध्यानात येत नाही.

पर्याय

सर्वांत सोपा पर्याय होता धागा कायमचा वाचनमात्र करून विषय संपवणे. एका मॉडरेटरचा कल तिकडे होता. पण त्या क्षणी धाग्यात जे दिसत होते ते एकाच बाजूचे होते, आणि कुलूप लावले असते तर ते तसेच गोठले असते.

दुसरा पर्याय, फ्लॅग करणाऱ्यांवर कारवाई. सायलेन्स केलेला सदस्य वाचू शकतो पण लिहू शकत नाही, सस्पेंड केलेल्याला आत येताच येत नाही. दोन्हींत पातळी ३ जाते आणि पुढचे सहा महिने मिळत नाही. म्हणजे रात्रीचा स्पॅम पाहणारे सगळे डोळे एका झटक्यात मिटले असते, आणि ज्यांनी सांगितले तेच केले त्यांना शिक्षा झाली असती. पातळी २ वर लॉक करणे हा मधला मार्ग होता. पण त्याने वजनात फक्त १ ची घट होते, बोनस तसाच राहतो. कागदावर कडक दिसणारा आणि प्रत्यक्षात जवळपास निरुपयोगी असा हा उपाय, आणि हे गणित पाहिल्याशिवाय कळले नसते.

तिसऱ्या पर्यायावर सर्वांत जास्त वेळ गेला : फ्लॅगने आपोआप दडवणेच बंद करायचे का? विरोध एवढाच होता की स्पॅम रात्रभर उघडा राहील. सेटिंग्ज नीट वाचल्यावर हा विरोध बराचसा गळून पडला. दडवण्याच्या दोन स्वतंत्र वाटा आहेत. एक, सर्व फ्लॅगचे वजन जमून उंबरठा ओलांडला जाणे, तिची संवेदनशीलता वेगळी ठरवता येते. दुसरी, पातळी ३ किंवा वरच्या सदस्याने पातळी ० च्या आयडीचा प्रतिसाद स्पॅम म्हणून फ्लॅग केला की तो लगेच दडतो, त्याची सेटिंग वेगळी आहे. पहिली सैल केली तरी दुसरी शाबूत राहते. हे वाचले नसते तर फोरमने घाबरून सगळे जसेच्या तसे ठेवले असते.

चौथा, मागचे निकाल दुरुस्त करणे. जमले असते तर हाच सर्वांत न्याय्य होता. पण निकाली निघालेल्या फ्लॅगचा निकाल रांगेतून उलटवता येत नाही. दडलेला प्रतिसाद त्याच्याखालच्या पान्याच्या (रेंचच्या) चिन्हाच्या मेनूतून परत आणता येतो, पण त्याने फ्लॅग करणाऱ्याच्या खात्यात काही बदलत नाही. मागचा हिशेब गेला तो गेला.

काय केले

पहिल्या दिवशी फक्त दुरुस्ती झाली. दोन मॉडरेटरांनी दडलेला प्रत्येक प्रतिसाद स्वतंत्रपणे वाचला आणि मगच एकमेकांशी बोलले. दोन प्रतिसादांत सरळ व्यक्तिगत शिवीगाळ होती, ते दडलेलेच ठेवले. बाकी सगळे परत आणले. धाग्यावर स्टाफ सूचना लावली, आणि तिची भाषा ठरवायला अर्धा दिवस गेला. पहिल्या मसुद्यात ‘तांत्रिक कारणामुळे’ असे होते. ते काढून शेवटी असे लिहिले: ‘या धाग्यातले काही प्रतिसाद फ्लॅगमुळे दडले होते आणि आमच्याकडून ते वेळेत परत आणले गेले नाहीत. चूक आमची. आता ते दिसत आहेत.’ या वाक्यांनी वातावरण जितके निवळले तितके कोणत्याही सेटिंगने निवळले नाही.

धागा उघडला आणि स्लो मोड लावला, म्हणजे प्रत्येक सदस्याला दोन प्रतिसादांमध्ये ठरलेला वेळ थांबावे लागते. आधी एक तास ठेवला. इथे एक फटका बसला. स्लो मोडमध्ये मूळ सेटिंगनुसार संपादनही अडते. चित्रकाराने आपल्या एक्स्पोजरच्या आकड्यात चूक केली होती, ती त्याला दुरुस्त करता येईना, आणि त्या चुकीच्या आकड्यावर नवी चकमक उडाली. शेवटी मॉडरेटरने आकडा स्वतः बदलला, स्लो मोड १५ मिनिटांवर आणला आणि संपादन अडवणारी सेटिंग काढली. ज्या वादाचा जीव आकड्यांत आहे तिथे संपादन अडवणे चुकीचेच आहे.

दुसऱ्या दिवशी दडवण्याची संवेदनशीलता मध्यमवरून कमीवर आणली. धागा आपोआप बंद होण्यासाठी लागणाऱ्या फ्लॅग करणाऱ्यांची संख्या ५ वरून ८ केली. पातळी ० च्या स्पॅमची वाट तशीच ठेवली. फ्लॅग पडून राहिल्याची मॉडरेटरांना आठवण ४८ तासांनी येत असे, ती ६ तासांवर आणली. आणखी एक गोष्ट तपासली : रांगेत ६० दिवस पडून राहिलेले फ्लॅग आपोआप निकाली निघतात आणि तेही ‘दुर्लक्ष’ म्हणूनच. म्हणजे मॉडरेटरची ढिलाईही फ्लॅग करणाऱ्याच्या खात्याला धक्का न लावता मिटत होती.

रांगेसाठी नियम लिहून काढला. ‘दुर्लक्ष’ दोनच प्रसंगी दाबायचे: लेखकाने आधीच दुरुस्ती केली असेल तेव्हा, किंवा दोन मॉडरेटरांचे खरोखर जमत नसेल तेव्हा. बाकी प्रत्येक फ्लॅगला हो किंवा नाही. फ्लॅग रास्त आहे पण प्रतिसाद उडवण्याइतका वाईट नाही, अशा वेळी ‘सहमत, पण प्रतिसाद ठेवा’ ही वाट आहे, ती वापरायची. शिवाय फ्लॅग हाताळण्याआधी तो आपल्या नावावर घेणे सक्तीचे केले, म्हणजे दोघे एकाच वेळी दोन टोकांचे निकाल देत नाहीत.

अवांतर प्रतिसादांसाठी फ्लॅगपेक्षा बरे हत्यार आधीपासून होते. प्रतिसाद निवडायचे आणि नव्या धाग्यात हलवायचे. साधनांवरची सगळी चर्चा तंत्र विभागात नेली आणि दोन्ही धाग्यांना एकमेकांच्या लिंका दिल्या. चित्रांच्या विभागात टॅगचा एक गट सक्तीचा केला, त्यात कच्च्या डेटावरची नेहमीची प्रक्रिया आणि न्यूरल नेटवर्क वापरलेली प्रक्रिया हे दोन टॅग. धागा काढतानाच साच्यात एक्स्पोजर, फ्रेमची संख्या आणि साधनांची नावे भरायचे रकाने ठेवले. जुन्या सदस्यांची खरी मागणी हीच होती की पाहणाऱ्याला आधी कळले पाहिजे. ती पूर्ण झाल्यावर फ्लॅग करण्याचे कारणच उरले नाही.

शेवटी, फ्लॅग करणाऱ्या पाचसहा जणांना अ‍ॅडमिनने वेगवेगळे व्यनि पाठवले, गटाला एकच निरोप नाही. प्रत्येकाला त्याच्या फ्लॅगचे वजन किती भरते ते आकड्यांसह सांगितले. बहुतेकांना धक्का बसला. आपला फ्लॅग म्हणजे एक मत, असेच ते समजत होते.

परिणाम

धागा पुढे बराच काळ चालला आणि त्यातून बिंदुप्रसरण फलनावर, म्हणजे ताऱ्याचा ठिपका कॅमेऱ्यात कसा पसरतो त्यावर, उत्तम चर्चा निघाली. ‘अवांतर’चे फ्लॅग कमी झाले. जे आले त्यांतल्या चुकीच्यांवर ‘असहमत’ होऊ लागले आणि वजने हळूहळू खाली आली.

सगळे चांगलेच झाले असे नाही. व्यनि मिळालेल्यांपैकी दोघांनी फ्लॅग करणेच सोडले, स्पॅमसाठीसुद्धा. त्यांच्यावर आरोप केलेला नव्हता, तरी त्यांना तो जाणवला. काही आठवडे पहाटेचा स्पॅम जास्त वेळ उघडा राहिला. मॉडरेटरांचे कामही वाढले, कारण हो-नाही ठरवायला प्रतिसाद पूर्ण वाचावा लागतो, ‘दुर्लक्ष’ला लागत नव्हता. एका मॉडरेटरने त्यामुळे काम सोडले.

आणि ज्याच्या चित्रावरून हे सुरू झाले त्या सदस्याने परत चित्र टाकले नाही. त्याच्या प्रोफाइलवर ‘शेवटचे पाहिले’ची तारीख अधूनमधून बदलते, म्हणजे तो वाचतो.

वेगळे काय करता आले असते

स्थलांतराच्या आठवड्यातच मॉडरेटरांना एक तक्ता द्यायला हवा होता: जुन्या पॅनेलवरचे हे बटण, नव्या रांगेत त्याचा अर्थ हा. डेटा हलवायला आठवडे दिले गेले, या तक्त्याला एक दुपार पुरली असती.

पहिल्या सकाळी मॉडरेटरने बाजू न घेण्याचे ठरवले हे चूक नव्हते. चुकले ते बाजू न घेण्याचे साधन. तटस्थ राहायचे होते तर आधी सगळे दडलेले परत आणून मग धागा काही तास बंद ठेवता आला असता. दोन्ही बाजू दिसत राहिल्या असत्या आणि कुणाच्या मतावर निकालही द्यावा लागला नसता.

संवेदनशीलता मध्यमवर ठेवणे स्पॅमच्या लाटेत योग्य होते. लाट ओसरल्यावर तिच्याकडे परत पाहायचे राहिले. लाटेसाठी बदललेल्या प्रत्येक सेटिंगसमोर ‘पुन्हा कधी पाहायची’ ही तारीख लिहून ठेवणे एवढेच पुरले असते.

लवकर कळण्याची सोयही होती. डिस्कोर्सच्या सदस्य-आकडेवारीच्या तक्त्यात प्रत्येकाचे सहमत, असहमत आणि दुर्लक्षित फ्लॅग असे तीन वेगळे रकाने असतात. डेटा एक्स्प्लोरर प्लगइनमधून त्यावर एक छोटी क्वेरी लिहिता येते: ज्यांचे सहमत फ्लॅग ३० च्या वर आहेत, असहमत शून्याच्या जवळ आहेत आणि दुर्लक्षित वाढत चालले आहेत, अशांची यादी. स्पॅम पकडणाऱ्याच्या खात्यात दुर्लक्षित फ्लॅग जवळपास नसतातच. ते वाढू लागले की तो सदस्य स्पॅमपलीकडे कशालातरी फ्लॅग करू लागला आहे आणि मॉडरेटर निकाल द्यायचे टाळत आहेत, या दोन्ही गोष्टी एकाच आकड्यात दिसतात. आता ही क्वेरी दर महिन्याच्या पहिल्या दिवशी चालते आणि यादीत नाव आले की त्या सदस्याचे शेवटचे दहा फ्लॅग दोन मॉडरेटर उघडून वाचतात.

व्यनि मात्र अजून उशिराच जातात. ज्याचा प्रतिसाद दुसऱ्यांदा दडतो त्याला यंत्राचा निरोप लगेच मिळतो, माणसाचा निरोप रांग पाहिल्यावर. त्या रात्री चित्रकाराने दहा मिनिटे थांबून तिखट वाक्य काढले होते, त्याच्याकडून जे मागितले गेले ते केले होते, आणि तरीही प्रतिसाद पुन्हा दडला होता. दुसऱ्यांदा दडलेल्या प्रतिसादांची वेगळी सूचना मॉडरेटरांच्या फोनवर जावी, म्हणून अ‍ॅडमिन वेबहूक, म्हणजे आपोआप निरोप धाडणारी जोडणी, बसवण्याच्या कामात आहे.